एकच चप्पल नेणारा चोर

विरारच्या फुलपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात मेंदूचा आजार कधीच मेंदूच्या नावाने येत नाही. तो नसेच्या नावाने येतो. कोणाची नस दबलेली असते, कोणाची चढलेली असते, कोणाची आखडलेली असते, आणि एका गृहस्थांची तर ती 'रुसलेली' होती. शरीरशास्त्राच्या पुस्तकात अशी नस मला सापडली नाही, पण ते गृहस्थ बरे झाले, म्हणजे ती कुठेतरी असणार.

नसेनंतर नंबर चक्करेचा. चक्कर म्हणजे घर गरगर फिरणं, चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर म्हणजे पाय लटपटणं, चक्कर म्हणजे कालची पूर्ण न उतरणं, आणि चक्कर म्हणजे नणंद राहायला येणार असल्याची बातमी. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. शेवटच्यावर नाही. त्यामुळे आमच्यासारख्या साध्या डॉक्टरचं मेंदूशास्त्र यंत्रांवर चालत नाही, 'म्हणजे नक्की काय होतं?' या एका प्रश्नावर चालतं. तो विचारायचा, उत्तर ऐकायचं, आणि पुन्हा तोच विचारायचा. माणसं वैतागतात, पण तिसऱ्या वेळेला बहुधा खरं सांगतात.

हा प्रश्न ज्या वेळी कोणीच विचारला नाही, त्या वेळची ही गोष्ट.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टाइल्सचं मोठं दुकान आहे. त्याचा मालक चाळिशीतला, खाडीकाठच्या गावातला. बापजाद्यांची भातशेती होती, त्यातला बराचसा तुकडा विकून त्याने धंदा उभा केला आणि पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅटमधली फरशी अशी की खाली बघून भांग पाडावा. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की तो त्याला घरी नेऊन फरशीत त्याचा स्वतःचा चेहरा दाखवतो. चेहरा कसाही असला तरी ऑर्डर मिळते म्हणे.

त्याची आई मात्र गावात एकटी राहायची. उरलेला शेताचा तुकडा, परसात वाल आणि वांगी, आणि कोंबड्या. सून चांगली होती, नातवंडं बोलावत होती, मुलगा दर रविवारी गाडी घेऊन जात होता आणि दर रविवारी रिकाम्या गाडीने अंडी घेऊन परत येत होता.

"फ्लॅटात कोंबड्या कुठं ठेवनार? गॅलरीत?" हा तिचा मुद्दा होता.

मग चपलांचं प्रकरण सुरू झालं. म्हातारीच्या चपला चोरीला जाऊ लागल्या. एकेक. निर्मळच्या देवळात जायला निघाली, बसमध्ये चढली तेव्हा दोन होत्या, उतरली तेव्हा एक. बांधावरून शेजारणीकडे गेली, पोचली तेव्हा एक. नवी जोडी आणली, आठवड्यात तिचंही तेच. गावाने याचा गंभीरपणे विचार केला. पहिला संशय कुत्र्यावर गेला, पण ज्या घरात कुत्रा होता ते घर तिच्याशी आधीच बोलत नव्हतं, त्यामुळे चौकशी पुढे सरकली नाही. मग कोणीतरी करणीचं नाव काढलं. करणी करणारा चप्पल नेतो, पण डावीच नेतो, असं गावातल्या जाणकाराने सांगितलं. म्हातारीच्या डाव्याही गेल्या होत्या आणि उजव्याही, म्हणून तो सिद्धान्त पडला. शेवटी असं ठरलं की गावात एकच चप्पल नेणारा चोर आला आहे. त्याला एकच पाय असावा, हा तर्क कोणी बोलून दाखवला नाही, पण गावात नवा लंगडा दिसला असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

मुलाने चोर मानला नाही. त्याने निदान केलं. "डॉक्टर, आई विसरायला लागलीय. चालताना पण झोकांड्या जातात. एकटं राहून टेन्शन आलंय तिला. एक दिवस खाडीत पडेल, आणि लोक मला विचारतील, तू कुठं होतास?"

त्याच्या भीतीत काही खोटं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. तो आईला ओढून नेऊ पाहत होता, पण ओढून नेण्यासारखं वडीलधारं दुसरं कोणी त्याला उरलं नव्हतं.

त्याच सुमारास विरारमध्ये 'भव्य मेंदू व मज्जातंतू तपासणी शिबिर' भरलं. प्रवेशद्वारावर बॅनर होता. त्यावर अकरा पुढाऱ्यांचे चेहरे आणि एक मेंदू होता. मेंदू सगळ्यात लहान होता. स्थानिक डॉक्टर म्हणून मला 'समन्वयक' केलं होतं, म्हणजे छातीला गुलाबी फुलाचा बिल्ला लावून खुर्च्या मोजायला ठेवलं होतं. मुंबईहून एक मोठे मेंदूतज्ज्ञ आले होते. त्यांना मराठी फारशी येत नव्हती, म्हणून दुभाष्याचं कामही माझ्याकडे आलं.

दीपप्रज्वलनाला ज्योत टिकेना, म्हणून पंखे बंद केले. ज्योत लागली, दोन आज्या घेरी येऊन बसल्या, आणि शिबिराला आपोआप सुरुवात झाली. पण तपासणीआधी भाषणं झाली. मेंदू हा शरीराचा राजा आहे, असं एका वक्त्याने सांगितलं. दुसऱ्याने मेंदू हा शरीराचा नगरसेवक आहे असं सांगितलं, कारण तो सगळ्यांची कामं करतो आणि दिसत मात्र नाही. ही टीका आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि टाळ्याही पडल्या.

रक्तातली साखर मोफत तपासण्याचं टेबल होतं. तिथे आधी मान्यवर गेले, मग मान्यवरांबरोबर आलेले गेले, मग ज्यांना मान्यवरांबरोबर फोटो हवा होता ते गेले. पेशंटांची रांग हलली तेव्हा पट्ट्या संपल्या होत्या. मशीन तेवढं हार घातलेलं तसंच राहिलं.

म्हातारीचा नंबर दुपारी लागला. मुलगा मागे उभा. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "पूछिए, क्या तकलीफ है?"

"मावशी, काय होतंय?"

"पाय झोपतात. मुंग्या येतात. आनि तान, दाक्तर. लई तान हाय. दिवसभर तान, रात्री पन तान."

इथे आमच्या घरच्या व्याकरणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमचं घर निर्मळचं, वाडीवाल्या बागायतदारांचं, पण आई शाळेत मराठी शिकवायची. खाडीकडची, मिठागराकडची मुलं 'पानी' म्हणायची आणि आई 'पाणी' म्हणायला लावायची. जेवताना मी चुकून 'लोनी' मागितलं तर लोण्याचा गोळा ताटात पडण्याआधी ण तोंडातून पडावा लागे. तेव्हापासून माझ्या कानात एक मास्तरीण बसलेली आहे. समोरचा न म्हणाला की ती आतल्या आत ण करून घेते. पेशंट 'मनका' म्हणतो, मी 'मणका' ऐकतो. पेशंट 'तान' म्हणाला, की मी 'ताण'.

"टेन्शन है, सर," मी म्हणालो. "बहुत टेन्शन है. दिन-रात."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी हातोडी खाली ठेवली. सकाळपासून त्यांना कोणी एवढं सरळ उत्तर दिलं नव्हतं. पाय झोपणं, मुंग्या, तोल जाणं, चपला हरवणं, सगळं त्यांनी एका दोरीत ओवलं. आधुनिक जीवन, एकटेपणा, मनाचा शरीरावर परिणाम, यावर ते इतकं सुंदर बोलले की शेजारच्या टेबलावरचा फिजिओथेरपिस्ट पेशंटचा पाय वर धरून ऐकत राहिला. पेटीतला झिणझिणणारा काटा, ज्याने पायाची जाणीव तपासतात, तो फुलदाणीशेजारी शेवटपर्यंत तसाच पडून होता.

निकाल असा लागला की एक मन शांत करणारी गोळी घ्यायची, दीर्घ श्वास घ्यायचा, आणि एकटं राहायचं नाही.

"बेटे के पास रहो, माँजी."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "मुलाकडं रावून तान जाईल?"

मी हिंदीत विचारलं. "जाएगा, जाएगा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"कसं जाईल? त्याच्याकडं तर टँकरचं येतं."

याचा अर्थ मला लागला नाही. मुलाने मान खाली घातली. मोठ्या डॉक्टरांनी 'असंबद्ध बोलते' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. बाहेर पडताना मुलाचा आवाज ऐकू आला. "बघितलंस? मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता तरी ऐक."

पुढचे काही दिवस मी ते सगळं विसरलो. मला विसरायला कुठलाही आजार लागत नाही.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी तो आईला घेऊन दवाखान्यात आला. रविवारी टेम्पो ठरला होता. कोंबड्या शेजारणीला द्यायच्या होत्या. म्हातारी रडत नव्हती, भांडत नव्हती, त्या गोळीने पेंगत होती, आणि हेच मुलाला घाबरवत होतं. वीस वर्षं भांडणारी आई अचानक 'बरं' म्हणायला लागली तर कोणीही घाबरेल.

"तुम्ही फक्त एकदा सांगा तिला, डॉक्टर," तो म्हणाला. "की शिफ्ट होणं चांगलं आहे म्हणून. तुमचं ऐकेल."

मी तोंड उघडणार एवढ्यात बाहेरून एका बाईने हाक दिली. "अहो, कोणाची चप्पल आहे ही? पायरीवर एकच पडलीय!"

म्हातारीने डोळे उघडले. पायांकडे बघितलं. एका पायात चप्पल होती, गुंगीत दाराबाहेर काढायची राहिलेली, दुसरा पाय उघडा होता.

"बघ!" ती मुलाला म्हणाली. पंधरवड्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला होता. "हितं पन आला! मेला पाठच सोडत नाय!"

बाहेरची माणसं हसली. मुलगा लाजला. मी मात्र दवाखान्याच्या पायरीपासून माझ्या टेबलापर्यंतचं अंतर बघत होतो. तेवढं अंतर ती एक पाय उघडा टाकून गार लादीवरून चालत आली होती, आणि तिला ते ऐकून कळलं होतं. चप्पल पायातून निसटते आणि पायाला पत्ता नसतो, हे पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं. इथे ते पायरीवर पडलं होतं.

"मावशी, खाटेवर पाय सोडून बसा."

कापूस लावला. "कळतंय?" "काय लावलं?" टोचून बघितलं. गुडघ्याखाली बरंच खाली गेल्यावर टोचणंही कळेना. मग माझ्याकडचा तसाच काटा वाजवून अंगठ्यावर टेकवला.

"वाजतंय?"

"वाजतंय की."

"कुठं?"

"कानात. मी बहिरी नाय."

काटा हनुवटीवर टेकवला तेव्हा ती दचकली. "अगंबाई, हे तर आत वाजतं!" पायाच्या अंगठ्यावर पुन्हा टेकवला. काही नाही. डोळे मिटून अंगठा वर केला की खाली, हे विचारलं. "तुमी सांगा, तुमचंच काम हाय ते," असं उत्तर आलं. पाय जुळवून, डोळे मिटून उभी केली तर झाड तोडल्यासारखी कलली. मुलाने पटकन धरली.

मुलाने तिला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं.

तेवढ्यात म्हातारीने माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि न विचारता, घटघट आवाज करत, तळापर्यंत रिकामी केली.

"अजून हाय का?"

"मावशी, किती पाणी पिता?"

"तान लागली की पिते. त्या मांडवात घसा फोडून सांगितलं ना तुमाला? लई तान लागते म्हनून?"

लागते. माझ्या कानातली मास्तरीण ताडकन उठून उभी राहिली. ताण लागत नाही, ताण येतो. ताण पुल्लिंगी. लागते ती तहान. आईने मला यासाठी अंगठे धरून उभं केलं असतं, आणि तेही योग्यच झालं असतं. म्हातारीने मांडवात ताणाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिला तहान होती. मुलाकडे राहून तहान कशी जाईल, त्याच्याकडे तर टँकरचं पाणी येतं, हे त्या दिवशी त्या मांडवात बोललं गेलेलं सगळ्यात सुसंबद्ध वाक्य होतं.

बोटातून थेंब काढला. साखर तीनशेच्या बरीच वर निघाली.

मी दोघांना समोर बसवून सांगितलं. मधुमेह आहे, बहुधा बऱ्याच दिवसांचा. साखरेने पायांच्या नसा कमजोर केल्यात, म्हणून मुंग्या, म्हणून पाय झोपतात, म्हणून जमीन कळत नाही, चप्पल गेलेली कळत नाही. विसरभोळेपणा नाही. इतर कारणांसाठी रक्त तपासू, बी-ट्वेल्व्ह वगैरे, पण चोर बहुतेक सापडलाय.

"म्हंजे एकच चप्पल नेनारा?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"माझ्याच पायात व्हता?"

"हो."

ती पायांकडे बघत राहिली. ज्या घरात कुत्रा होता त्या घराला आपण काय काय बोललो, हे ती आठवत असावी.

"म्हणजे टेन्शन नाही?" मुलाने विचारलं.

"आहे ना. तुम्हाला."

पण रविवारचा टेम्पो अजून ठरलेलाच होता. मुलगा सहजासहजी सोडणारा नव्हता, आणि खरं तर आता त्याच्या हातात आधीपेक्षा भक्कम कारण होतं. "पाय कळत नाहीत म्हणता, तर मग एकटी कशी राहील? माझ्याकडे बांध नाही, खाडी नाही. सपाट घर आहे."

"तुमच्या फरशीत काय दिसतं?"

"चेहरा," तो सवयीने म्हणाला.

"ज्याला पायाने जमीन कळत नाही तो डोळ्यांनी बघून चालतो. त्याला तुम्ही आरशावर चालवणार. ओल्या पायाने, बाथरूममधून बाहेर पडताना."

टाइल्सवाल्याच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालाबद्दल शंका दिसली.

"गावाच्या घरात काय आहे, मावशी?"

"कोबा. खरखरीत. याच्या बापाने घातला."

मी चिठ्ठी लिहायला घेतली. शेवटी मुलगा म्हणाला, "दोन महिने. साखर खाली आली पाहिजे. आणि एकदा जरी पडलीस, तर कोंबड्यांसकट उचलून नेईन."

"कोंबड्यांसकट?" म्हातारीने शब्द पकडला. "दाक्तर, तुमी ऐकलं हां."

मन शांत करणारी गोळी बंद केली. साखरेची सुरू केली, मुंग्यांसाठी झोपताना एक. अंघोळीचं पाणी हाताने नाही, कोपराने बघायचं. अनवाणी अंगणातसुद्धा जायचं नाही. आणि रोज संध्याकाळी आरसा खाली धरून तळवे बघायचे, जखम आहे का म्हणून.

"आरसा? पायांना?" ती म्हणाली. "तोंडाला कवा लावला नाय इतकी वर्सं."

मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, ताणामुळेही साखर वाढते. हे खरं आहे. मोठ्या माणसांच्या घराला मागचं दार नेहमी असतं.

घोट्याला पट्टा असलेली सँडल घ्यायला सांगितली होती. वसईच्या बाजारात तिच्या पायाला बसेल अशी एकच मिळाली, शाळकरी पोरांची, काळी, बक्कलवाली. ती घालून ती गावातून निघाली की बायका विचारायच्या, "कितवीत गेलीस गं?" आणि ती म्हणायची, "दाक्तरच्या वर्गात. मारका मास्तर हाय." मुलाने दरम्यान गावच्या न्हाणीत स्वतः खरखरीत टाइल्स बसवल्या, भिंतीला धरायला दांडा लावला. दुकानात त्या टाइल्स धूळ खात होत्या, असं तो म्हणाला. मी खात्री करून घेतली नाही.

दोन महिन्यांनी ती आली. मुलगा बरोबर होताच, तोंड परीक्षेच्या निकालासारखं. मी नको म्हणेपर्यंत सवयीने सँडल दाराबाहेर काढून ती खाटेवर बसली. साखर उतरली होती. पूर्ण नाही, पण मान्य करण्याइतकी. मुंग्या निम्म्यावर आल्या होत्या. जाणीव मात्र जिथे होती तिथेच होती. काटा अजून कानातच वाजत होता. गेलेल्या नसा सहसा परत येत नाहीत, आणखी जाऊ द्यायच्या नाहीत एवढंच आपल्या हातात असतं, हे मी सांगितलं.

"पडली का?" मी मुलाला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. थोडा नाराज होता, असं मला वाटलं, आणि थोडा खूश. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत होतं.

निघताना ती दारात थांबली. आम्हाला वाटलं चक्कर आली. ती बाहेरच्या चपलांच्या ढिगाकडे बघत होती, आणि मग हसायला लागली, दाराची चौकट धरून.

"गेली! दोनी गेली! अरे, दोनी नेल्या!"

खरंच, सँडल नव्हती. कोणीतरी शाळकरी पोराच्या मापाची, बक्कलवाली, जवळजवळ नवी सँडल उचलून नेली होती. माझ्या दवाखान्यात असं होणं ही लाजेची गोष्ट आहे, पण ती माझा खांदा थोपटत होती.

"हा खरा चोर, दाक्तर! हा मानूस हाय!"

मुलगा आधी रागाने इकडेतिकडे बघत होता. मग त्यालाही हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. अनवाणी तिला पायरीही उतरू द्यायची नव्हती, म्हणून मी माझ्या चपला दिल्या. दोन मापं मोठ्या, मागे पट्टा नसलेल्या. घरी पोचेपर्यंतच घाला, उद्याच नवी सँडल घ्या, असं बजावलं. ती मुलाचा हात धरून, प्रत्येक पावलाकडे बघत, गाडीपर्यंत गेली. फ्लॅट तिथून डावीकडे, चालत जाण्याइतका. गाडी उजवीकडे वळली, गावाच्या रस्त्याला.

पुढच्या आठवड्यात मुलगा दुकानातून जाता जाता दवाखान्यात शिरला. टेबलावर अंडी ठेवली. मग पिशवीतून माझी चप्पल काढून ठेवली. एकच.

"दुसरी?"

"शोधतेय ती. परसात असेल, नाहीतर बांधावर." तो दारापर्यंत गेला आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने वळला.

"आमच्या गावात एक चोर आहे, डॉक्टर. एकच नेतो."